अकरा चाळीसची खेप

सत्यभामेनं नवऱ्याचा पाय विकला, आणि तोही एका पाण्याच्या टाकीवर, ही कुजबुज शिरूर कासारच्या बाजारात पहिल्यांदा कुणी सोडली ते आता कळायला मार्ग नाही. भज्याच्या गाड्यावरून ती निघाली तेव्हा बाईनं नुसती टाकीच घेतली होती. एसटी स्टँडावर पोचेपर्यंत टाकीच्या जोडीला दोन तोळे आले. आणि खडकवस्तीला परत येईस्तोवर तर बाईनं चेअरमनशी आधीच बोली करून नवऱ्याला सायकलीसकट टँकरपुढं ढकललं होतं. सांगणारे वारासकट सांगायचे. एकानं तर ढकलताना तिच्या अंगावर कोणतं लुगडं होतं तेही सांगितलं, आणि ऐकणाऱ्या बायांनी "व्हय, हाय तिच्याकडं तसलं," म्हणून दुजोराही दिला.

पुरावा विचाराल तर तो तिच्या दारात उभा होता. पाचशे लिटरची काळी कुळकुळीत प्लास्टिकची टाकी, झाकणासकट. साऱ्या वस्तीत असली टाकी दुसऱ्या कुणाकडे नव्हती. येणारा-जाणारा तिच्याकडे बघायचा, मग ओट्यावर कुबडी टेकून बसलेल्या गहिनीनाथकडे बघायचा, आणि पुढच्या वळणावर पोचेपर्यंत त्याचा हिशेब जुळलेला असायचा.

सत्यभामा गहिनीनाथ ढाकणे. नाव असं पुरं घ्यायचं, कारण ती स्वतः तसंच घ्यायची. माहेर धारूरचं. किल्ल्याच्या पायथ्याच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. लग्नात बायांनी उखाण्याचा आग्रह धरला तेव्हा ही म्हणे म्हणाली, "लिहून दिला तर चालंल का?" अक्षर असं की मोत्यांनी लाजावं. सही करायला बसली की समोरच्यानं खुशाल तंबाखू मळून घ्यावी. आधी पदर सावरणार, मग कागद सरळ करणार, मग तिन्ही नावं वळणदार काढून खाली एक रेघ मारणार, आणि रेघेच्या टोकाला दोन टिंबं देणार. वस्तीतल्या बाया चेष्टेनं म्हणायच्या, सत्यभामा गोवऱ्यासुद्धा फूटपट्टी लावून थापती. खोटं नव्हतं. मिरच्या वाळत घातल्या तरी सगळी देठं एका दिशेला.

गहिनीनाथ नेमका उलटा. सदरा उलटा घातलाय हे त्याला दुपारी कळायचं. वस्तीवरचं दूध गोळा करून सायकलीला दोन कॅन अडकवायचे आणि शिरूरच्या दूधसंघाच्या केंद्रावर घालून यायचं, हा त्याचा धंदा. वाटेत भेटेल त्याची फिरकी घ्यायची, हा दुसरा.

ही गोष्ट दोन हजार तीन सालची. लागोपाठ पावसाळे कोरडे गेलते. दिवाळीनंतर निम्मी वस्ती कोयता घेऊन ऊसतोडीला गेली ती गेलीच. मागं ज्यांच्या दावणीला जनावर होतं ते आणि म्हातारीकोतारी, अशा अठरा चुली उरल्या. विहिरीच्या तळात पोरांनी गोट्या खेळाव्यात अशी तऱ्हा. सरकारनं टँकर मंजूर केला. रोजच्या चार खेपा.

टँकर सुंदररावांच्या वाहतूक संस्थेचा. सुंदरराव म्हणजे चेअरमन. कशाचे, हे विचारायची पद्धत नव्हती. दूधसंघाचे होते, वाहतूक संस्थेचे होते, तालुक्यात आणखी एखादी सहकारी संस्था निघाली असती तर तिचेही झाले असते. माणूस गोड. बायांना "ताई" आणि म्हाताऱ्यांना "काका" म्हटल्याशिवाय जीपमधून उतरायचा नाही.

आता टँकरच्या पाण्याचा नियम असा, की प्रत्येक खेप पोचली म्हणून कागदावर गावातल्या दोन बायांची सही लागायची. सुंदररावांनी ग्रामसभेत सगळ्यांदेखत सत्यभामेला पुढं बोलावलं. "अशी सही आपल्या तालुक्यात न्हाई," म्हणाले, आणि खिशातला पेन काढून तिच्या हातात दिला. निळ्या टोपणाचा. तिनं तो जन्मभर पुरवायचा ठरवून रुमालात गुंडाळून ठेवला. दुसरी बाई मुक्ताबाई. ही गहिनीनाथची चुलती. आई वारल्यावर त्याला हिनंच लहानाचा मोठा केला. सत्यभामा तिला सासूच्या मानानं "आत्याबाई" म्हणायची. मुक्ताबाई अंगठेबहाद्दर, पण तोंड असं की तलाठी तिच्या दारावरून जाताना मोटारसायकलचं इंजिन बंद करून ढकलत न्यायचा.

टँकरवर ड्रायव्हर शिरूरचा इसाक. सकाळी सातला तो पहिली खेप घेऊन यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं कागद पुढं केला.

"भाभी, तुमी आठ वाजता रोजगार हमीच्या खडीवर जाणार. संध्याकाळीच येणार. मग बाकीच्या खेपांची सही मी कुणाची घेऊ, दगडाची? चारी आत्ताच करून टाका."

सत्यभामा अडखळली. "न आलेल्या खेपांची सही कशी करू?"

"अगं कर की," मुक्ताबाईनं शाईच्या डब्यात अंगठा बुडवला. "पाणी सहीनं येतंय व्हय? ते टँकरनं येतंय. सही न्हाई केली तर हा हाय ती खेपबी घेऊन जाईल."

तर अशी ती सुरुवात झाली. दुसरी खेप साडेनवापर्यंत यायची. तिसरी कधी यायची, कधी नाही. चौथी साहेब येणार असेल त्या दिवशीच. हे सगळ्या वस्तीला माहीत होतं. दोन खेपांत अठरा चुलींचं आणि दावणीचं भागत होतं, म्हणून कुणी तोंड उघडत नव्हतं.

पण सत्यभामेला एक खुपायचं. कागदावर वेळेचा रकाना होता आणि त्यात इसाक रोज सात, नऊ, अकरा, एक असं घसाघसा ओढायचा. चौथ्या दिवशी तिनं कागद त्याच्या हातातून काढून घेतला.

"असं दिसतं का हे? टँकर हाय का शाळेची घंटा?"

आणि तिनं स्वतः वेळा घातल्या. सात दहा. नऊ पंचवीस. अकरा चाळीस. दोन पाच. दुसऱ्या दिवशी थोड्या बदलून. शिरूरच्या बाजाराच्या दिवशी रस्त्यावर गर्दी असते म्हणून दुसऱ्या खेपेला दहा मिनिटं वाढवून. इसाकनं कपाळाला हात लावला. "भाभी, तुमी तर मास्तरनी पायजे होत्या." ती खुलली. तालुक्याच्या हापिसात या वस्तीचे कागद नमुना म्हणून दाखवतात असंही तो एकदा म्हणाला. खरं-खोटं त्याचा त्याला ठाऊक, पण ते ऐकल्यापासून ती टिंबं जास्तच गोल काढायला लागली.

शिमग्याच्या आधीची गोष्ट. गहिनीनाथ दूध घालून रिकामे कॅन वाजवत परत येत होता. शिरूर आणि वस्तीच्या मधोमध सुंदररावांची मोसंबीची बाग लागते. आजूबाजूला साऱ्या मुलखाची राख झालेली आणि मध्येच ही बाग, हिरवीगार. बागेकडे वळणाऱ्या रस्त्यावर तो पोचला आणि पाठीमागून आलेला टँकर हॉर्न न देता आत वळला. सायकल बाजूला उडाली. गहिनीनाथचा डावा पाय मागच्या चाकाखाली आला.

इसाकनं टँकर शंभर पावलं आत बागेत नेऊन उभा केला आणि पळत परत आला. खांद्यावरच्या दस्तीनं, म्हणजे मोठ्या रुमालानं, त्यानं पाय करकचून बांधला. रडत होता. "मामू, ब्रेक लगाच नई, खुदा की कसम." मग शिरूरहून एक काळी-पिवळी जीप आली. जीपवाल्यांना दिसला रस्त्यात पडलेला गहिनीनाथ, त्याच्याजवळ उभा इसाक, आणि पावणेबाराचं ऊन. टँकर कुणाला दिसला नाही. एक खूण तेवढी होती. टँकर खालून गळका होता. तो जाईल तिकडं रस्त्यावर पाण्याची ओली रेघ उमटायची. त्या दिवशी ती रेघ वस्तीकडे न येता बागेत वळली होती. पण फाल्गुनातलं ऊन ते. पंचनाम्याला माणसं आली तोवर रेघ वाळून गेलेली.

खडीवर निरोप आला तशी सत्यभामा हातातला हातोडा टाकून धावली.

बीडच्या दवाखान्यात पाय गुडघ्याखाली काढावा लागला. गहिनीनाथ शुद्धीवर आला तोवर कागदावर "अज्ञात वाहन" असं बसलं होतं. कुणी सांगितलं, कुणी लिहिलं, धड उत्तर नाही. गहिनीनाथनं डोळे उघडले, चादरीकडे बघितलं, आणि बायकोला म्हणाला, "एक चप्पल शिल्लक राहिली गं. कुणाला पायजे का बघ."

ती हसली नाही. इसाकची दस्ती रक्तानं कडक झाली होती. तिनं ती दवाखान्याच्या नळावर दोनदा साबण लावून धुतली, वाळवली, चौकोनी घडी घातली, आणि तिसऱ्या दिवशी इसाक तोंड दाखवायला आला तेव्हा परत केली. दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणं तिला जमत नसे.

चौथ्या दिवशी सुंदरराव आले. हातात पिशवी. पिशवीत मोसंब्या, एकेक मुठीएवढी. खाटेवर बसून त्यांनी गहिनीनाथच्या खांद्यावर हात ठेवला.

"ताई, काळजी करू नका. मी हाय. वाहन काय सापडायचं न्हाई आता. पण अज्ञात वाहनासाठीबी सरकारची काहीतरी मदत असती. अर्ज मी भरतो, तुमी फक्त सही करा."

गहिनीनाथ एक मोसंबी सोलत होता. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

"रस लई हाय ओ चेअरमन," तो म्हणाला. "एवढं पानी कुठून आणता?"

सुंदरराव हसले. मग घड्याळ बघितलं. मग गेले. सत्यभामेनं त्या पिशवीतल्या बाकीच्या मोसंब्या खाटांवरून वाटून टाकल्या, आणि त्या घटकेला तिच्या डोक्यात उजेड पडला. तिसरी आणि चौथी खेप रोज कुठं जात होती ते.

दूध घालायचा धंदा संपला होता. एका पायावर कोण सायकल मारणार? तिचं एकच म्हणणं होतं. टँकरवाल्यांकडून भरपाई मिळाली तर दारात पिठाची गिरणी टाकायची. गहिनीनाथला बसून काम होईल, आणि गिऱ्हाईकांची फिरकी घ्यायलाही मिळेल. त्यासाठी एवढंच शाबीत व्हायला हवं होतं, की पावणेबाराला टँकर त्या वळणावर होता.

बीडला कोर्टासमोर उत्तरेश्वर वकील बसायचे. टपरीएवढं ऑफिस, पण माणूस इमानदार. त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"टँकर कुणी बघितला?"

"ह्यांनी."

"आणखी?"

"इसाकनं."

"तो चालवत होता. आणखी काही खूण? कपडा, काच, कायबी?"

"दस्ती होती त्याची. पायाला बांधलेली."

वकील पुढं सरकले. "कुठाय?"

"धुवून परत दिली."

उत्तरेश्वर वकिलांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "साबण लावला होता का?"

"दोनदा," सत्यभामा म्हणाली. तिला वाटलं, शाबासकी मिळतेय.

तरी दावा दाखल झाला. दोन महिन्यांनी समोरच्यांचं उत्तर आलं. टँकर त्या वेळी बागेच्या वळणावर नव्हताच, तो खडकवस्तीत पाणी उतरवत होता, आणि त्याला खुद्द जखमीच्या बायकोची सही साक्ष आहे. सोबत त्या दिवसाच्या कागदाची नक्कल. वकिलांनी ती टेबलावर तिच्याकडे तोंड करून ठेवली.

तिसरी खेप. अकरा चाळीस. सत्यभामा गहिनीनाथ ढाकणे. खाली रेघ. रेघेच्या टोकाला दोन टिंबं.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"वेळ कुणी लिहिली?"

"मीच."

"किती वाजता लिहिली?"

"सकाळी. सात वाजता."

वकिलांनी कागद उचलून उजेडाला धरला. "बाई," ते म्हणाले, "माझ्या आयुष्यात इतका स्वच्छ कागद मी बघितला न्हाई."

पण तेही हार मानणारे नव्हते. त्या दिवशी सत्यभामा खडीवर होती ना? मग रोजगार हमीचं हजेरीपत्रक काढू. अकरा चाळीसला ती खडी फोडत होती हे दिसलं की वस्तीतली सही आपोआप खोटी पडते. पंधरा दिवस खेटे घालून हजेरीपत्रकाची नक्कल मिळाली. त्या तारखेला तिच्या नावापुढं गैरहजर. निरोप आल्यावर ती काम अर्धवट टाकून पळाली होती, म्हणून मुकादमानं सगळा दिवसच काटला होता.

आता राहिली मुक्ताबाई. ती दिवसभर वस्तीतच असते. त्या दिवशी तिसरी खेप आलीच नव्हती हे तिनं सांगितलं म्हणजे झालं.

"मी सांगन की!" मुक्ताबाई कडाडली. "माज्या गयन्याचा पाय गेलाय. ह्या हातानं न्हाऊ-माखू घातलाय त्याला. त्या सुंदऱ्याचं काय मिंधं हाय का मी? जज्जाच्या म्होरं उभी राहून सांगते, न्हाई आली खेप!"

सत्यभामा तिच्या पाया पडली.

दुसऱ्या वर्षीही पाऊस रुसलाच. टँकर चालूच होता. फक्त सत्यभामा आता कागदावर आलेल्या खेपांचीच सही करायची, आणि इसाक तिच्या दारात न येता मुक्ताबाईकडे कागद ठेवून जायचा. गहिनीनाथची साक्ष झाली. समोरच्या वकिलानं विचारलं, टँकरचा नंबर बघितला का? तो म्हणाला, "नंबर न्हाई बघितला. पण वळखतो की मी. रोज त्याचंच पानी पितो." कोर्टात हशा झाला. हशानं दावा पुढं सरकत नाही. इसाकचीही साक्ष झाली. मान खाली घालून म्हणाला, टँकर वस्तीत पाणी उतरवत होता, मी कुणाच्या तरी मोटारसायकलवर शिरूरकडं निघालो होतो, तेव्हा मामू रस्त्यात पडलेले दिसले. बाहेर व्हरांड्यात सत्यभामा आडवी आली तेव्हा तो भिंतीकडे बघत म्हणाला, "भाभी, तुमचं अक्षर लई चांगलं हाय. त्याच्यापुढं माझ्या जबानीची काय किंमत?"

मग सत्यभामा आणि मुक्ताबाई यांच्या साक्षीची तारीख पडली. तारखेला चार दिवस होते आणि टँकर यायचा बंद झाला.

बिघडलाय म्हणाले. पहिल्या दिवशी वस्तीनं सोसलं. दुसऱ्या दिवशी शहादेव म्हाताऱ्यानं शिरूरला जाऊन विचारलं. तर सुंदरराव म्हणाले, "काका, तुमचीच माणसं कोर्टात सांगणार हायत म्हणं, की आमच्या खेपा येतच न्हाईत. मग येत न्हाईत तर न्हाईत." तिसऱ्या दिवशी चंद्रभागाबाईची गाय पाण्यावाचून बसली ती उठली नाही. तिसऱ्या दिवशीच संध्याकाळी बायांनी एक गोष्ट केली. कुणी भांडलं नाही, कुणी शब्द काढला नाही. प्रत्येकीनं आपली रिकामी घागर आणली आणि मुक्ताबाईच्या दारात ठेवली. उंबऱ्यापासून रस्त्यापर्यंत एक ओळ. पालथ्या नाही, उताण्या.

सत्यभामेनं आपल्या ओट्यावरून त्या मोजल्या. सोळा. मुक्ताबाईचं घर सोडलं तर वस्तीत सतरा चुली. म्हणजे स्वतःची एकटीची सोडून सगळ्या.

ती घरात येऊन बसली. गहिनीनाथ दावणीपाशी होता. म्हैस जीभ बाहेर काढून त्याचा हात चाटत होती.

"उद्या एक दिवस," सत्यभामा म्हणाली. "परवा तारीख झाली की बगू. आत्याबाई न्हाई बदलायची."

गहिनीनाथनं म्हशीच्या मानेवरून हात फिरवला. फिरकीसुद्धा घेतली नाही.

तारखेच्या दिवशी ती पहिल्या एसटीनं बीडला गेली. गहिनीनाथ म्हशीसाठी थांबला. मुक्ताबाई एसटीला आली नव्हती. बीडच्या स्टँडवरून सत्यभामा चालत कोर्टात पोचली आणि बघते तर मुक्ताबाई आधीच तिथं. कडुलिंबाखाली सुंदररावांची जीप, आणि जीपच्या मागच्या सीटवर आत्याबाई, मांडीवर पाण्याची बाटली. तिनं सत्यभामेकडे बघितलं नाही.

आधी सत्यभामेला बोलावलं. तिनं सगळं सांगितलं. सात वाजता चार सह्या, वेळा कशा घातल्या, का घातल्या. समोरचा वकील तरुण होता, अंगावर नवा कोरा काळा कोट.

"म्हणजे बाई, तुम्ही सरकारी कागदावर खोटं लिहीत होता?"

"व्हय."

"रोज?"

"रोज."

"मग आज खरं बोलताय हे कशावरून समजायचं?"

"आज अजून मी सही केली न्हाई," सत्यभामा म्हणाली.

न्यायाधीशसाहेबांनी ओठ दाबून धरले. उत्तरेश्वर वकिलांनी बाकाखाली मूठ आवळली. घटकाभर असं वाटलं, की बाई जिंकते.

मग मुक्ताबाईला बोलावलं. पिंजऱ्याचा कठडा तिनं दोन्ही हातांनी धरला. उत्तरेश्वर वकिलांनी हळूच विचारलं, "आजी, त्या दिवशी तिसरी खेप वस्तीवर आली होती का?"

तलाठ्याला इंजिन बंद करायला लावणारी बाई ती. तिचा आवाज आज उंदरासारखा निघाला.

"आलती."

"आजी, नीट आठवून सांगा. अकरा चाळीसला?"

"मला घड्याळ न्हाई कळत, साहेब. तिनं लिवलंय तेच आसंल."

झालं. बाहेर कडुलिंबाखाली सत्यभामेनं तिला गाठलं. सुंदरराव जीपमधून उतरून सभ्यपणे चार पावलं लांब जाऊन उभे राहिले.

"आत्याबाई, असं कावून केलं?"

मुक्ताबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं. मग सोडलं. "सतरा घागरी हायत गं दारात. आन पाय एक हाय."

"सोळा," सत्यभामा म्हणाली. "सोळा व्हत्या. मी मोजल्यात."

"परवा सोळा व्हत्या." मुक्ताबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "काल सकाळी दार उघडलं तर सतरा. मला वाचता येत न्हाई, पण तुज्या लग्नातली घागर मी वळखते. मीच आंदण मोजून घेतलं व्हतं."

त्या घागरीच्या गळ्यावर धारूरच्या तांबटानं कोरलेलं नाव होतं. सत्यभामेनंच कागदावर लिहून दिलं होतं त्याला, कसं कोरायचं ते. तिन्ही नावं, आणि खाली रेघ.

ती एसटीनं परत आली. वस्तीच्या फाट्यापासून रस्त्यावर ओली रेघ होती. टँकर नुकताच येऊन गेला होता, आणि नंतर चार दिवस चारही खेपा येत राहिल्या, हे सुंदररावांच्या नावावर मांडायला हवं. गहिनीनाथ ओट्यावर होता. शेजारी ती घागर, काठोकाठ भरलेली. म्हैस डुलत होती.

त्यानं तिच्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की हिला कळलंय.

"म्हस वरडत व्हती," तो म्हणाला.

सत्यभामा उभीच राहिली.

"पाय काय उगवून येणार हाय का, सत्ये? आन गिरणी टाकली तरी दळायला कोण आलं असतं? आपल्या पायी तहानलेली माणसं?" त्यानं कुबडी भिंतीला लावली. "तुला सांगितलं असतं तर तू ठिऊ दिली नसती."

"एक वरीस," ती म्हणाली. "एक वरीस मी त्या वकिलाच्या दारात बसले." तेवढंच बोलली. घागर उचलून आत नेली, आणि त्या घागरीतलं पाणी म्हशीला पाजलं. स्वतः त्या सांजेला चंद्रभागाबाईकडून तांब्याभर मागून प्याली.

दावा फेटाळला. वाहन शाबीत नाही. उत्तरेश्वर वकील वरच्या कोर्टात जाऊ म्हणाले. ती नको म्हणाली. पुढं कधीतरी ग्रामसभेच्या हजेरीवर सही मागितली तेव्हा सत्यभामेनं शाईचा डबा ओढला आणि अंगठा लावला. ग्रामसेवकाला वाटलं बाईचा हात दुखतोय. निळ्या टोपणाचा पेन तिनं कुठं ठेवला, कुणाला माहीत नाही.

आणि इकडं वस्तीला तिच्या डोळ्याला डोळा देणं अवघड व्हायला लागलं. घागरी ठेवलेल्या सोळा बाया आणि अंगठा दिलेली एक, अशा सतरा जणी तिला बघून पदर सारखा करायच्या. असं फार दिवस कुणाला जमत नाही. मग त्यातल्याच कुणाला तरी दारातली टाकी दिसली, आणि सगळ्यांचाच जीव हलका झाला. बाईनंच सौदा केला म्हटल्यावर बाकीच्यांनी काय केलं ते कोण विचारतंय? मुक्ताबाईनं तेवढं कधी त्या कुजबुजीत तोंड घातलं नाही. पण कुणाचं तोंड बंदही केलं नाही, आणि तिला ते येत होतं.

माहेरच्या बायांनी सत्यभामेला विचारलं, तू बोलत कावून न्हाईस? एका वाक्यात मिटंल. ती म्हणायची, "बोलू द्या." टाकी कुणाची ते सांगितलं की बोलणं सतराव्या घागरीपर्यंत गेलं असतं, आणि मग ओट्यावर कुबडी टेकून बसलेल्या माणसाची फिरकी सगळ्या तालुक्यानं घेतली असती.

आता सत्यभामाही नाही आणि गहिनीनाथही नाही, म्हणून सांगायला हरकत नाही. टाकी तिच्या धारूरच्या भावानं, आश्रुबानं, आणून दिली होती. एका पायानं मेहुण्याला पाणी भरता येत नाही म्हणून. सुंदररावांकडून तिनं काही घेतलं नाही. सतरावी घागर गहिनीनाथनं स्वतः, कुबडीवर चालत, नेऊन ठेवली होती.